कार्ड फॉरमॅट झालं? आता त्यावर एकही नवा फोटो काढू नका

अनंत चतुर्दशीनंतरचा आठवडा आणि लग्नसराईचे शेवटचे दिवस. वर्षातून या दोन वेळी परळच्या आमच्या छोट्या स्टुडिओत एकच तक्रार घेऊन माणसं येतात, "ताई, फोटो उडाले." कुणाच्या हातात कॅमेऱ्याचं कार्ड असतं, कुणाच्या हातात फोन. काही जण येईपर्यंत तीन-चार रिकव्हरी अ‍ॅप्स चालवून आलेले असतात, आणि तिथेच माझा जीव हळहळतो. डिलीट किंवा फॉरमॅट दाबलं त्या क्षणी कार्डावरचे फोटो बहुतेक वेळा जागच्या जागीच असतात. ते खरे पुसले जातात नंतर, त्याच कार्डावर आणखी काही लिहिलं गेलं की. तुमचं कार्ड अजून कॅमेऱ्यात असेल तर आधी कॅमेरा बंद करा, कार्ड बाहेर काढा, कडेची छोटी खिट्टी 'लॉक'कडे सरकवा आणि मग पुढचं वाचा. मायक्रोएसडीला खिट्टी नसते, पण ते ज्या अडॅप्टरमध्ये घालतो त्याला असते.

कार्डावर नेमकं काय होतं ते समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. आपल्या इमारतींच्या दारात रहिवाशांच्या नावांचा फलक असतो ना, तसा कार्डाच्या सुरुवातीला एक फलक असतो, कोणता फोटो कुठल्या खोलीत आहे ते सांगणारा. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर ही व्यवस्था सहसा फॅट३२ पद्धतीची असते, त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट. फोटो डिलीट केला की फॅट३२मध्ये फलकावरच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि त्या खोल्या 'रिकाम्या' म्हणून नोंदवल्या जातात. एक्सफॅटमध्ये तर 'वापरात आहे' ही खूण काढली, की झालं. नेहमीचं फॉरमॅट म्हणजे अख्खा फलक पुसून कोरा करणं. खोल्यांमधलं सामान कुणी हलवलेलं नसतं. पण फलकावर जागा रिकामी दिसते, म्हणून पुढचा फोटो काढला की कॅमेरा बिनदिक्कत कुणाच्या तरी खोलीत तो नेऊन ठेवतो. आधीचं सामान गेलं ते मात्र कायमचं.

मागच्या गणपतीनंतर लालबागहून एक जोडपं आलं होतं. तिच्या मांडीवर अडीच-तीन महिन्यांची मुलगी. बारशाचे फोटो दिरानं आपल्या कॅमेऱ्यावर काढले होते, पावणेचारशेच्या आसपास. ते कॉम्प्युटरवर उतरवायचे राहिले आणि विसर्जनाच्या दिवशी कार्ड फॉरमॅट करून गिरगाव चौपाटीवर फोटो काढले गेले.

"ताई, सगळंच गेलं का हो? भावोजी दोन दिवस जेवले नाहीयेत."

"सगळं नसेल गेलं. फॉरमॅटनंतर किती फोटो काढले, तेवढं सांगा."

"त्रेचाळीस. मोजलेत त्यांनी."

हा आकडा ऐकून मला धीर आला. फॉरमॅटनंतर कॅमेरा साधारणपणे कार्डाच्या सुरुवातीपासून लिहायला लागतो. म्हणजे चौपाटीवरच्या ४३ फोटोंनी बारशाच्या जवळजवळ तेवढ्याच, पहिल्या-पहिल्या फोटोंची जागा घेतली असणार. बाकीचे शाबूत असायला हवे होते, आणि होते. तीनशेच्या वर फोटो सुखरूप निघाले. भावोजींनी चौपाटीवर कार्ड भरेपर्यंत फोटो काढले असते तर मी एकही परत आणू शकले नसते.

कार्डावरून गेले असतील तर

कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडू नका. तसा जोडला तर बहुतेक कॅमेरे आपल्या फायली दाखवतात, पण कार्ड ड्राइव्ह म्हणून समोर येत नाही आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. साधा कार्ड रीडर घ्या. लॅमिंग्टन रोडवर पहिल्या दुकानात मिळेल, फक्त अगदी ढिला घेऊ नका. वाचताना मध्येच संपर्क तुटणारा रीडर दुखऱ्या कार्डाला आणखी दुखवतो.

कार्ड लावल्यावर विंडोज कधीकधी विचारतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. 'कॅन्सल' म्हणा. 'स्कॅन अँड फिक्स'लाही नाही म्हणा. त्यानं सुरू होणारं चेकडिस्क बिघडलेला फलक दुरुस्त करायला बघतं आणि त्या नादात कार्डावर लिहितं. हरवलेले तुकडे ते 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फायली म्हणून टाकतं, आणि मग काम दुप्पट होतं.

माझी पहिली पायरी नेहमी एकच असते. अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, कॉम्प्युटरवर काढून घ्यायची आणि पुढचं शक्य तेवढं काम त्या प्रतीवर करायचं. विंडोजवर 'विन३२ डिस्क इमेजर' चालतं. फाइलला नाव द्यायचं, कार्डाचं अक्षर निवडायचं आणि 'रीड' दाबायचं. शेजारीच 'राइट' आहे. ते चुकून दाबलं तर कार्ड संपलं, आणि म्हणूनच ती खिट्टी लॉकवर हवी. कार्ड वाचताना अडकत असेल, कॉम्प्युटरचा आवाज होऊन ड्राइव्ह गायब होत असेल, तर लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' जास्त चांगलं. ते आधी सोपा भाग वाचून घेतं आणि खराब भागाकडे नंतर परत येतं. ६४ जीबीच्या कार्डाची इमेजही ६४ जीबीचीच होणार, तेवढी जागा आधी बघून ठेवा. घाई असली तरी ही पायरी गाळू नका. मरायला टेकलेलं कार्ड दुसऱ्यांदा वाचू देईलच असं नसतं.

नुसते काही फोटो डिलीट झाले असतील, फॉरमॅट नाही, तर विंडोजवर 'रेकुवा' हे रिकव्हरी सॉफ्टवेअर आधी चालवून बघते. फलकावरची अर्धवट नोंद वाचता आली तर फोटो मूळ नावासकट परत येतात. हिरव्या, नारिंगी, लाल ठिपक्यांवरून फोटो किती धड आहे याचा अंदाज येतो, पण तो अंदाजच. लाल दिसला म्हणून सोडून देऊ नका.

फॉरमॅट झालेल्या कार्डासाठी मी 'फोटोरेक' वापरते. ते ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं आहे, फुकट आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि कार्ड ते फक्त वाचतं, त्यावर लिहीत नाही. ते फलकाकडे बघतच नाही. थेट खोल्या उघडत जातं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरलेल्या खुणेनं होते, षोडशमान अंकांत एफएफ, डी८, एफएफ, आणि शेवट एफएफ, डी९नं. ही खूण दिसली की इथून फोटो सुरू झाला असं ओळखून ते तो उचलतं. काळ्या पडद्यावरच्या अक्षरांची भीती वाटत असेल तर त्याच्याच सोबत 'क्यूफोटोरेक' येतं, त्यात माउसनं काम होतं. इमेज फाइल निवडा, फॅट-एनटीएफएसचा पर्याय ठेवा, आणि कार्ड फॉरमॅट झालं असेल तर 'फ्री'ऐवजी 'होल' निवडा. फाइल फॉरमॅट्सच्या यादीत जेपीजी आणि टिफ ठेवा, व्हिडिओ हवे असतील तर एमओव्ही. टिफ यासाठी की निकॉनच्या एनईएफ आणि कॅननच्या सीआर२ या रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या कच्च्या) फायली फोटोरेकमध्ये त्याच खात्यात मोडतात. परत मिळालेले फोटो ठेवायची जागा मात्र कॉम्प्युटरचीच द्यायची. त्याच कार्डावर ठेवायचा प्रयत्न करणारेही मी पाहिलेत.

फोटो 'रिकप_डिर.१', 'रिकप_डिर.२' अशा फोल्डरांत येतात. नावं गेलेली असतात, एफ आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच. लोक इथे गोंधळतात. पण फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते, त्यामुळे 'डेट टेकन'नुसार लावले की कार्यक्रम पुन्हा क्रमानं समोर येतो. टी या अक्षरानं सुरू होणाऱ्या इवल्याशा फायली दिसल्या तर फोटो आक्रसले असं समजू नका. त्या मोठ्या फोटोंच्या आत दडलेल्या छोट्या प्रती असतात. मोठा फोटो वाचला नाही तर निदान तेवढं दर्शन तरी होतं.

काही फोटो अर्धेच येतात. त्या बारशातला एक अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वरच्या अर्ध्यात पाळण्यावर वाकलेली आत्या, ओठ बाळाच्या कानाशी, 'कुर्र' म्हणतानाचा नेमका क्षण. खालच्या अर्ध्यात, बाळ जिथे असायला हवं तिथे, सपाट राखाडी पट्टा. हे फॉरमॅटमुळे झालं नव्हतं. कार्यक्रम चालू असताना दिरानं हललेले फोटो कॅमेऱ्यातच एकेक करून उडवले होते. त्यामुळे मधेमधे मोकळ्या जागा झाल्या आणि पुढचा एखादा फोटो त्यांत दोन तुकड्यांत साठवला गेला. फलक शाबूत असेपर्यंत कॅमेऱ्याला दोन्ही तुकडे माहीत असतात. फलक गेला की खुणेवरून शोधणाऱ्याला पहिला तुकडा सापडतो, दुसरा कुठे हे कळत नाही. व्हिडिओ फायली मोठ्या असल्यानं त्यांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हललेले, डोळे मिटलेले फोटो कार्यक्रमात निवडत बसू नका. सगळं घरी नेऊन कॉम्प्युटरवर उतरवा आणि तिथे निवडा.

फॉरमॅट करताना कॅमेऱ्याच्या मेनूत 'लो-लेव्हल फॉरमॅट'वर बरोबरची खूण होती का, तेही आठवून बघा. काही कॅमेऱ्यांत हा पर्याय असतो, त्याला वेळ जास्त लागतो, आणि तो वापरला असेल तर आशा फार कमी.

फोनमधून गेले असतील तर

इथे सगळा हिशेबच वेगळा आहे. लोक माझ्यापुढे फोन ठेवतात आणि म्हणतात, कार्डावरून काढता तसे यातून काढा. नाही काढता येत. अँड्रॉइड १० आणि त्यापुढची आवृत्ती घेऊन आलेल्या फोनमध्ये प्रत्येक फाइल कुलूपबंद साठवली जाते. फाइल उडवली की तिची किल्लीही जाते आणि उरलेली जागा फोन स्वतःहून साफ करत राहतो. आयफोनमध्येही तत्त्व तेच. त्यामुळे 'फोनमधले डिलीट फोटो परत मिळवा' म्हणणारी अ‍ॅप्स बहुतेक वेळा गॅलरीनं साठवलेल्या छोट्या प्रती शोधून दाखवतात आणि 'पूर्ण आकारात हवे तर पैसे भरा' म्हणतात. त्यांना तुमच्या सगळ्या फायली बघायची परवानगी द्यायच्या आधी दहा वेळा विचार करा.

तरी फोनवाले माझ्याकडून हसत जातात असं कार्डवाल्यांपेक्षा जास्त वेळा घडतं, कारण फोनमध्ये फोटो एकाच जागी क्वचितच असतो.

गूगल फोटोजमध्ये 'ट्रॅश' किंवा 'बिन' उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनमध्ये 'रीसेंटली डिलीटेड' अल्बम, ३० दिवस. सॅमसंगच्या गॅलरीचा आपला वेगळा रिसायकल बिन असतो, तोही ३० दिवसांचा. तिथे नसेल तर 'आर्काइव्ह' आणि 'लॉक्ड फोल्डर' बघा. फोटो डिलीट झालेलाच नव्हता, लपवला गेला होता, असं महिन्यातून एकदा तरी निघतं.

मग गूगलचं खातं तपासा. भायखळ्याच्या एका काकांचे नातवाचे दोन वर्षांचे फोटो 'गेले' होते. नवा फोन घेताना दुकानातल्या मुलानं नवं खातं उघडून दिलं होतं, आणि फोटो जुन्या खात्यात आरामात बसले होते. जुना पासवर्ड त्यांनी डायरीत लिहून ठेवला होता म्हणून वीस मिनिटांत काम झालं. काका खुर्चीवरून उठेनात, एकेक फोटो मला दाखवत बसले.

सगळ्यात जास्त घोळ मात्र जागा करण्याच्या घाईत होतो. विरार लोकलमध्ये उभ्या-उभ्या 'स्टोरेज फुल'चा निरोप येतो आणि माणूस गूगल फोटोज उघडून फोटो उडवत सुटतो, गॅलरीत आहेतच म्हणून. गॅलरी आणि गूगल फोटोज ही दोन कपाटं नाहीत. एकाच कपाटाची दोन दारं आहेत. इथून उडवला की फोनमधूनही जातो आणि बॅकअपमधूनही. जागाच हवी असेल तर त्याच अ‍ॅपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरायचं. ते बॅकअप झालेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत काढतं, गूगलवरची ठेवतं. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयफोनवर उडवलेला फोटो आयपॅडवरूनही जातो, हेही लक्षात असू द्या.

फोनमध्ये वेगळं मायक्रोएसडी कार्ड घातलेलं असेल आणि फोटो त्यावर होते, तर वरची कार्डाची पद्धत लागू पडते. फोन बंद करा, कार्ड काढा. पण ते कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलं असेल तर ते त्या फोनच्या किल्लीनंच उघडतं, दुसरीकडे वाचता येत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप विसरू नका. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस' आणि त्याच्या आतलं 'सेंट' हे फोल्डर बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंची प्रत तिथे असते. नसेल तर ज्यांना पाठवला त्यांना मागा. नात्यातल्या ग्रुपवर एक निरोप टाका, 'बारशाचे जे काही असतील ते सगळे पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा'. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप आणखी दाबत नाही.

कॉम्प्युटरवरून गेले असतील तर

थोडक्यात सांगते. विंडोजमध्ये पेनड्राइव्ह किंवा कार्डावरून उडवलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. मॅकवर उलट असतं: फाइल त्याच कार्डावरच्या लपलेल्या 'ट्रॅशेस' फोल्डरमध्ये पडून राहते, कार्ड परत लावलं की कचरापेटीत दिसते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून गेलेले फोटो मिळण्याची शक्यता चांगली असते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असेल तर 'ट्रिम' नावाच्या सोयीनं ती जागा लवकरच साफ होते, त्यामुळे कॉम्प्युटर लगेच बंद करून ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडण्याशिवाय हाती फार काही नसतं. वनड्राइव्ह चालू असेल तर त्याच्या वेबसाइटवरचा रिसायकल बिन आधी बघा, वैयक्तिक खात्यात तिथे ३० दिवस मिळतात.

कार्ड भिजलं असेल तर

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बाबांच्या स्टुडिओत गुडघाभर पाणी होतं. कॅमेरे गेले, पण पिशवीतली दोन कार्डं वाचली, कारण बाबांनी ती लगेच कशात घालून बघितली नाहीत. कार्डाच्या आत फिरणारं काही नसतं, त्यामुळे नुसत्या पाण्यानं ते सहसा मरत नाही. ओलं असताना वीज मिळाली की मरतं. समुद्राचं किंवा गटाराचं पाणी लागलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरनं हलकेच धुवा, पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या, सोनेरी पट्ट्या मऊ कापडानं पुसा. हेअर ड्रायर नको.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल तर घरच्या सॉफ्टवेअरनं काही होणार नाही. मग प्रयोगशाळेतच जावं लागतं, आणि तिथे खर्च येतो. आधी नुसत्या तपासणीचे किती, काहीच मिळालं नाही तर किती, आणि पैसे भरण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी दाखवणार का, हे लेखी घ्या. कार्ड टपालानं धाडू नका, हातानं नेऊन द्या.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला बसवून सांगते. फोटोरेक कार्डावरचं फक्त तुम्हाला हवं तेच काढत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या सहलीचे, तुम्ही मुद्दाम उडवलेले, कार्ड उसनं दिलं असेल तर त्या माणसाच्या घरचेही फोटो वर येऊ शकतात. म्हणून मी हे काम माणसं समोर बसलेली असतानाच करते आणि काम झालं की माझ्याकडची इमेज त्यांच्यासमोर पुसते. तुम्ही कार्ड जिथे द्याल तिथेही तसंच मागा. घरात लहान मुलं, बायका यांचे फोटो असतात.

फुटपाथवर अर्ध्या किमतीत घेतलेलं कार्ड असेल तर फोटो कधी लिहिलेच गेले नव्हते असंही असू शकतं. वर १२८ जीबी छापलेलं असतं, आत ८ असतात, आणि ८ भरल्यावरचं सगळं हवेत जातं. 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' हे कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून खरं माप सांगतात. ही तपासणी नव्या, रिकाम्या कार्डावर करायची. ज्यातून फोटो काढायचे आहेत त्यावर कधीच नाही.

लालबागच्या त्या जोडप्याचे जे पहिले चाळीसेक फोटो गेले, त्यांत एक पणजीचा होता. समारंभ सुरू होण्याआधी, नऊवारीत, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. त्यानंतर पाच आठवड्यांनी त्या गेल्या होत्या, आणि खरं तर तेवढ्या एका फोटोसाठीच ती बाई आली होती. कार्डावर त्याची साधी छोटी प्रतही उरली नव्हती. मग मी दिराला फोन लावायला सांगितला आणि विचारलं की कॅमेरा फोनला जोडलेला असतो का. असायचा. त्या कॅमेऱ्यातून काढलेला प्रत्येक फोटो २ मेगापिक्सेलच्या आकारात आपोआप त्याच्या फोनवर उतरत होता, आणि त्या अ‍ॅपकडे त्यानं कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

अर्ध्या तासानं तो फोटो आला. २ मेगापिक्सेल म्हणजे मोठी फ्रेम होत नाही, पण ४ बाय ६च्या प्रिंटला पुरतात. तिनं दोन प्रती काढून घेतल्या, एक सासूबाईंसाठी. कार्ड मात्र मी तिला फॉरमॅट करू दिलं नाही. खिट्टी लॉकवर, छोट्या डबीत, वर तारीख लिहून दिलं, आणि सांगितलं की घरी सगळे फोटो एकेक करून पूर्ण आकारात उघडून बघा, ते दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही उतरवा, आणि तोवर भावोजींना नवं कार्ड घ्यायला सांगा.